‘पोहोचवा अथवा परत करा’ : ई-मेलमधील परतसूचनेचा इतिहास आणि तिच्या मौनाची मीमांसा

प्रस्तावना :

विद्यापीठाची परिपत्रके, चर्चासत्रांची निमंत्रणे, शोधनिबंधांची देवाणघेवाण, मुलाखतीची पत्रे व प्रवेशविषयक सूचना आज मोठ्या प्रमाणावर ई-मेलद्वारे पाठविल्या जातात. या व्यवहारामागे एक गृहीतक असते. संदेश पाठविला आणि तो न पोहोचल्याची कोणतीही सूचना परत आली नाही, म्हणजे तो पोहोचलाच, असे आपण मानतो. प्रत्यक्षात चुकीच्या पत्त्यावर गेलेला, नाकारला गेलेला अथवा वाटेतच टाकून दिलेला संदेशही अनेकदा प्रेषकाला काहीही न कळविता नाहीसा होतो. अर्जदाराची संधी हुकते, लेखकाचा निबंध संपादकापर्यंत जात नाही आणि दोन्ही बाजू परस्परांना दोष देत राहतात.

न पोहोचलेल्या संदेशाविषयी प्रेषकाला मिळणाऱ्या सूचनेस व्यवहारात ‘बाउन्स’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘परतसूचना’ हा शब्द योजिला आहे. परतसूचना न येणे हा यंत्रातील आकस्मिक बिघाड आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हे मौन बहुतांशी एका ऐतिहासिक प्रक्रियेचा परिणाम असून, १९८२ मध्ये दिले गेलेले एक वचन पुढील पंचवीस वर्षांत कसे क्षीण झाले, याचा तो पुरावा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) परतसूचनेच्या नियमाचा उगम व विकास पाहणे. २) हा नियम दुर्बल होण्याची कारणे शोधणे. ३) शैक्षणिक संस्थांच्या पत्रव्यवहाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात त्यांना ‘आरएफसी’ म्हणतात. हे दस्तऐवज आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य आधार आहे.

टपालव्यवस्थेचा वारसा :

न पोहोचलेले पत्र प्रेषकाकडे परत यावे ही अपेक्षा ई-मेलने टपालाकडून घेतली. १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमात वाटप न झालेल्या टपालाच्या विल्हेवाटीची स्वतंत्र तरतूद होती. पोस्ट ऑफिस अधिनियम, २०२३ अमलात येईपर्यंत, म्हणजे जून २०२४ पर्यंत, हा कायदा लागू होता. पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असेल तर पत्र त्या पत्त्यावर परत जाई. पत्ता नसेल तर ते परत-पत्र कार्यालयात उघडून त्यातून प्रेषकाचा शोध घेतला जाई.

या व्यवस्थेचे दोन आधार होते. पहिला म्हणजे प्रत्येक पत्रासाठी प्रेषकाला मूल्य द्यावे लागे. त्यामुळे खोट्या परतपत्त्याची लक्षावधी पत्रे टाकणे कोणालाच परवडणारे नव्हते. दुसरा म्हणजे पत्र परत करणाऱ्याला परतपत्ता खरा आहे असे मानण्यास वाव होता. ई-मेलने टपालाची परत करण्याची रीत उचलली, परंतु हे दोन आधार तिच्यासोबत आले नाहीत. पुढील सर्व इतिहास या उणिवेतून घडला.

१९८२ चे वचन :

संगणकांच्या जाळ्यावरून ई-मेल पाठविण्याची सुरुवात १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी केली. १९७० च्या दशकात अर्पानेटवर संदेश फाइल-हस्तांतरणाच्या संकेताद्वारे पाठविले जात. प्रेषकाचा संगणक प्राप्तकर्त्याच्या संगणकाशी थेट बोलत असल्याने त्या नावाचा वापरकर्ता तेथे नसेल तर ते तेथल्या तेथे समजे. परतसूचनेची गरज तेव्हा मर्यादितच होती.

पुढे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात, मधल्या संगणकांमार्फत संदेश नेण्याची आवश्यकता निर्माण झाली. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला आरएफसी ८२१ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. ‘एसएमटीपी’ या नावाने ओळखला जाणारा ई-मेल वहनाचा संकेत त्यात मांडला आहे. दोन संगणकांमधील हा एक औपचारिक संवाद होय. पाठविणारा प्रथम परतपत्ता सांगतो, नंतर प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो आणि शेवटी संदेशाचा मजकूर देतो. घेणारा प्रत्येक टप्प्यावर तीन अंकी उत्तर देतो. ‘२५०’ म्हणजे स्वीकार, ४ ने सुरू होणारा अंक म्हणजे तात्पुरती अडचण आणि ५ ने सुरू होणारा अंक म्हणजे कायमचा नकार.

मजकुरानंतर दिलेल्या ‘२५०’ या उत्तराला एक वेगळेच महत्त्व होते. त्या क्षणी संदेशाची जबाबदारी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाई. स्वीकारलेला संदेश पुढे कोणत्याही कारणाने पोहोचविता आला नाही, तर स्वीकारणाऱ्याने तसे कळविणारा संदेश तयार करून मूळ प्रेषकाकडे धाडावा, असा दंडक या दस्तऐवजात घालून दिला होता. ‘पोहोचवा अथवा परत करा’ असे या वचनाचे सार सांगता येईल. हे वचन परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगात दिले गेले होते. परतपत्ता खरा आहे की नाही हे तपासण्याची कोणतीही सोय या संकेतात नव्हती. तशी गरजही तेव्हा कोणाला वाटली नव्हती.

मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री-अधिकाऱ्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरातीचा संदेश पाठविला होता. अनाहूत ई-मेलचे ते पहिले उदाहरण मानले जाते. परंतु तो संदेश उघडपणे कंपनीच्या नावाने पाठविलेला होता, म्हणून निषेध थेट प्रेषकापर्यंत पोहोचला. त्या काळी उपद्रव देणाराही आपला पत्ता लपवीत नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

वचनातील मूळच्या फटी :

हे वचन पहिल्या दिवसापासून परिपूर्ण नव्हते. समजा, परतसूचना ज्या पत्त्यावर पाठवायची तोच चुकीचा असेल, तर परतसूचनेची परतसूचना निघेल, तिचीही निघेल आणि दोन संगणक अखंडपणे परस्परांना संदेश पाठवीत राहतील. हे टाळण्यासाठी आरएफसी ८२१ मध्येच रिक्त परतपत्त्याची युक्ती सुचविली होती. परतसूचना ही परतपत्ता कोरा ठेवून पाठविली जाते आणि ती पोहोचली नाही तर त्याविषयी पुढे कोणालाही कळविले जात नाही. म्हणजेच परतसूचना वाटेत हरवली तर मौनच उरावे, हे नियमानेच ठरलेले होते.

दुसरी फट कालावधीची होती. प्राप्तकर्त्याचा सर्व्हर बंद असेल तर पाठविणाऱ्या सर्व्हरने संदेश रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा आणि निदान ४ ते ५ दिवस आशा सोडू नये, असे ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने सांगितले. आठवड्याच्या अखेरीस संपणाऱ्या मुदतीसाठी सोमवारी पाठविलेल्या अर्जाबाबत पहिले चार दिवस काहीच कळले नाही, तर तेही नियमाला धरूनच असते. अनेक सर्व्हर काही तासांनी विलंबाची सूचना देतात, पण सर्वच देतात असे नाही.

तिसरी फट संदेशाच्या दुहेरी पत्त्यात आहे. वाचकाला दिसणारा ‘प्रेषक’ हा पत्राच्या आत लिहिलेल्या नावासारखा असतो. परतसूचना मात्र पाकिटावरील परतपत्त्यावर जाते. हे दोन्ही पत्ते एकच असतील असे नाही. एखाद्या संस्थेच्या प्रणालीने सर्व संदेशांना स्वतःचा परतपत्ता लावला, तर परतसूचना कोणीही न उघडणाऱ्या पेटीत साठत राहतात आणि पत्र लिहिणारी व्यक्ती अनभिज्ञच राहते.

वचन दृढ करण्याचे प्रयत्न :

आंतरराष्ट्रीय दूरसंचार क्षेत्रातील ‘सीसीआयटीटी’ या समितीने १९८४ मध्ये एक्स-४०० हा पर्यायी संकेत मांडला. वितरणाचा अहवाल व प्राप्तीची पोच या गोष्टी त्यात आरंभापासूनच अंतर्भूत होत्या. भारतात विदेश संचार निगमाने ‘जेम्स-४००’ या नावाने या संकेतावर आधारित ई-मेल सेवा दिली होती. परंतु एक्स-४०० ची यंत्रणा अवजड व खर्चिक होती. साध्या, सैल आणि जवळजवळ विनामूल्य अशा एसएमटीपीपुढे ती टिकली नाही.

एसएमटीपीच्या परंपरेतही सुधारणा झाल्या. आरंभी परतसूचनेचा मजकूर प्रत्येक प्रणाली आपल्या मर्जीनुसार लिहीत असे. जानेवारी १९९६ मध्ये आरएफसी १८९१ ते १८९४ या चार दस्तऐवजांनी परतसूचनेला यंत्रालाही वाचता येईल असे निश्चित रूप दिले आणि अपयशाच्या कारणांचे वर्गीकरण केले. प्रेषकाला यशस्वी वितरणाचीही सूचना मागता येईल, विलंबाची मागता येईल अथवा कोणतीच सूचना नको असेही सांगता येईल, अशी तरतूद त्यांत होती. परतसूचनेचा नियम कागदावर पूर्णत्वास पोहोचला तो या वर्षी. तिचा ऱ्हासही साधारण त्याच सुमारास सुरू झाला, हा इतिहासातील एक विरोधाभास म्हणावा लागेल.

खोटा परतपत्ता आणि परतसूचनांचा पूर (१९९७-२००४) :

ई-मेल पाठविण्यास खर्च नसल्याने जाहिरातबाजांनी तिचा अनिर्बंध वापर सुरू केला. आपल्यावर रोष ओढवू नये आणि हजारो परतसूचनांचा भार पडू नये, म्हणून ते परतपत्ता दुसऱ्याचा देऊ लागले. १९९७ च्या आरंभी ‘जोज डॉट कॉम’ या संकेतस्थळाच्या चालकाने अनाहूत संदेश पाठविणाऱ्या एका ग्राहकाचे खाते बंद केले. सूड म्हणून त्या ग्राहकाने चालकाच्याच नावाने असंख्य संदेश पाठविले आणि संतापलेल्या लोकांचा मारा निरपराध चालकावर झाला. या प्रकाराला पुढे ‘जो जॉब’ असेच नाव पडले.

संगणक-विषाणूंनी हा प्रश्न अनेक पटींनी वाढविला. मार्च १९९९ चा ‘मेलिसा’ आणि मे २००० चा ‘आय लव्ह यू’ हे विषाणू ज्याच्या संगणकात शिरत त्याच्याच खात्यातून संदेश पाठवीत. त्यामुळे परतसूचना योग्य जागी येई आणि संगणक बाधित झाल्याचे मालकाला कळे. २००१ च्या अखेरीस आलेला ‘क्लेझ’ आणि ऑगस्ट २००३ चा ‘सोबिग-एफ’ यांची रीत वेगळी होती. बाधित संगणकात सापडलेल्या पत्त्यांपैकी एखादा उचलून ते प्रेषक म्हणून वापरत. परिणामी ज्याने काहीही पाठविले नाही अशा तिसऱ्याच व्यक्तीकडे शेकडो परतसूचना येऊ लागल्या. विषाणूविरोधी प्रणालीही ‘आपण विषाणू पाठविला आहे’ अशा सूचना याच खोट्या पत्त्यांवर धाडीत. जानेवारी २००४ च्या ‘मायडूम’ने तर संदेश पोहोचला नसल्याच्या सूचनेचेच सोंग घेतले. परतसूचना समजून लोक जोडपत्र उघडीत आणि विषाणूला वाट मिळे.

काही सर्व्हर-प्रणालींची रचनाही या पुरास साहाय्यभूत ठरली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेल्या ‘क्यूमेल’ या प्रणालीत सुरक्षिततेसाठी जाळ्याशी बोलणारा भाग आणि वापरकर्त्यांची माहिती असलेला भाग अलग ठेवले होते. त्यामुळे आपल्या संस्थेच्या नावे आलेला कोणताही संदेश आधी स्वीकारला जाई, तो वापरकर्ता अस्तित्वात नाही हे नंतर समजे आणि मग परतसूचना निघे. १९८२ च्या नियमानुसार हे वर्तन निर्दोष होते. खोट्या परतपत्त्यांच्या जगात मात्र त्यातून निरपराध लोकांवर सूचनांचा वर्षाव होई. या उलट्या माऱ्याला ‘बॅकस्कॅटर’ असे नाव मिळाले आणि तो करणाऱ्या सर्व्हरांची नावे काळ्या यादीत जाऊ लागली.

नियमाचे पालन करणारा उपद्रवी ठरला, हा या इतिहासातील निर्णायक क्षण होय. परत करणे हे सौजन्य राहिले नाही, म्हणून टाकून देणे हे शहाणपण ठरले.

दारातील नकार आणि मौनाला मिळालेली मान्यता :

या पेचातून तज्ज्ञांनी एक मार्ग काढला. संदेश आधी स्वीकारून नंतर परत करण्याऐवजी संवाद चालू असतानाच त्यास नकार द्यावा. तसे केल्यास स्वीकारणाऱ्याकडे जबाबदारी येतच नाही आणि प्रेषकाला कळविण्याचे काम त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहते. प्रामाणिक प्रेषकाला सूचना मिळते आणि खोट्या पत्त्याच्या धन्याला त्रास होत नाही.

तथापि या मार्गाला तीन मर्यादा होत्या. पहिली म्हणजे, संदेश अनाहूत आहे की नाही हे मजकूर पाहिल्यावरच ठरते, आणि एसएमटीपीमध्ये मजकुरानंतर सर्व प्राप्तकर्त्यांसाठी मिळून एकच उत्तर देता येते. एकाच संदेशाच्या पाच प्राप्तकर्त्यांपैकी दोघांच्या गाळणीने तो नाकारला आणि तिघांच्या गाळणीने स्वीकारला, तर ‘हो’ म्हणावे लागते आणि त्या दोघांच्या प्रती गुपचूप टाकाव्या लागतात. दुसरी म्हणजे, ‘असा वापरकर्ता नाही’ हे उत्तर पत्ते हुडकणाऱ्यांना उपयोगी पडते. अंदाजाने हजारो नावे विचारून ज्यांना नकार मिळत नाही ती त्यांनी टिपून ठेवावीत, हा प्रकार रोखण्यासाठी अनेक संस्थांनी सर्वच पत्ते निमूटपणे स्वीकारण्याचे धोरण ठेवले. तिसरी म्हणजे, कायदेशीर संदेशही चुकून नाकारला जाईल या भीतीने सेवादाते तो संशयितांच्या कप्प्यात ठेवू लागले. तांत्रिकदृष्ट्या असा संदेश पोहोचलेलाच असतो, म्हणून परतसूचनेचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु प्राप्तकर्ता तो कप्पा उघडत नसेल तर परिणामी तो न पोहोचल्यासारखाच असतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ५३२१ ने ही परिस्थिती खुलेपणाने नोंदविली. पोहोचवा अथवा परत करा ही जुनी परंपरा त्याने पुन्हा सांगितली. त्याचबरोबर अनाहूत संदेशांची संख्या इष्ट संदेशांहून कितीतरी अधिक झाल्याने हे तत्त्व नेहमी व्यवहार्य राहिलेले नाही, अशी कबुली दिली. प्रेषकाला न कळविता संदेश टाकून देणे व्यवहारात चालते, परंतु ते अत्यंत घातक आहे आणि संदेश लबाडीचा असल्याची पुरेपूर खात्री असेल तेव्हाच तसे करावे, असा इशाराही त्यात दिला आहे. १९८२ च्या निरपवाद आज्ञेला येथे अपवाद मिळाला, आणि खात्री कशास म्हणावी हे ठरविण्याचे काम प्रत्येक सर्व्हरचालकावर सोपविले गेले.

ओळख पटविण्याचे उपाय आणि नवे मौन :

मूळ रोग खोट्या परतपत्त्याचा असल्याने पत्ता तपासण्याचे उपाय पुढे आले. एप्रिल २००६ मध्ये ‘एसपीएफ’, मे २००७ मध्ये ‘डीकेआयएम’ आणि मार्च २०१५ मध्ये ‘डीमार्क’ यांचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. कोणत्या सर्व्हरांना आपल्या नावे संदेश पाठविण्याचा अधिकार आहे हे संस्थेने जाहीर करावे, संदेशावर सांकेतिक स्वाक्षरी करावी आणि पडताळणीत न टिकणाऱ्या संदेशाचे काय करावे ते सांगावे, असे या तिन्हींचे अनुक्रमे स्वरूप आहे.

या उपायांनी तोतयेगिरीला आळा बसला, परंतु मौनाची नवी कारणेही निर्माण झाली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या नावे येणारे अप्रमाणित संदेश नाकारावेत असे डीमार्कद्वारे घोषित केले. चर्चागटांमार्फत फेरप्रेषित होणारे याहू-वापरकर्त्यांचे संदेश त्यामुळे इतर सदस्यांच्या सर्व्हरांनी नाकारले. पाकिटावरील परतपत्ता चर्चागटाचा असल्याने त्याविषयीच्या परतसूचना मूळ लेखकाकडे न जाता गटाच्या यंत्रणेकडे गेल्या. लेखकाला वाटत राहिले की आपले म्हणणे सर्वांपर्यंत गेले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने संदेश पाठविणाऱ्यांना हे तिन्ही उपाय बंधनकारक केले. ज्या संस्थेने आपल्या नावाची अशी नोंदणी नीट केलेली नाही तिचे खरे संदेशही आज संशयाच्या कप्प्यात जाऊ शकतात.

भारतीय संदर्भ : कायद्याची दृष्टी :

भारतात १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी त्यात आरंभापासून सहभागी होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. भारतीय प्राध्यापकवर्गाच्या हाती ई-मेल पडली तेव्हा वचनाची झीज सुरू झालेली होती. त्यावरील विश्वास मात्र पोस्टाच्या सवयीने आला.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणकीय साधनात शिरताच तो ‘पाठविला’ गेला असे मानले जाते, आणि प्राप्तकर्त्याने निर्देशित केलेल्या साधनात शिरताच तो ‘मिळाला’ असे मानले जाते. दोन्ही पक्षांमध्ये वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. संदेश सर्व्हरने स्वीकारला आणि नंतर गाळणीने टाकून दिला, तर तो ‘मिळाला’ होता असा युक्तिवाद या शब्दयोजनेतून करता येणे शक्य आहे. त्या आधीचे कलम १२ मात्र अधिक सावध आहे. पोच मिळाल्यावरच अभिलेख बंधनकारक होईल, अशी अट प्रेषकाने घातली असेल, तर पोच मिळेपर्यंत तो अभिलेख पाठविलाच गेला नाही असे धरले जाते. मौनातून निष्कर्ष काढू नये, पोच मागावी, असाच या तरतुदीचा व्यावहारिक बोध आहे.

निष्कर्ष :

१) परतसूचना न येणे हा संदेश पोहोचल्याचा पुरावा नव्हे. परतसूचनेचीच परतसूचना न काढण्याचा नियम १९८२ पासून असल्याने तसा पुरावा तो कधीही पूर्णांशाने नव्हता.

२) परतसूचनेचा ऱ्हास तंत्राच्या दुर्बलतेपेक्षा विश्वासाच्या ऱ्हासातून झाला. परतपत्ता खरा असण्यावर उभी असलेली व्यवस्था तो खोटा ठरू लागताच टिकली नाही.

३) आरएफसी ५३२१ ने मूक विल्हेवाटीला दिलेली सशर्त मान्यता हा या प्रक्रियेचा कळस होय. संदेश पोहोचला की नाही हे जाणण्याची जी जबाबदारी १९८२ मध्ये वाहकाने स्वीकारली होती, ती त्यानंतर प्रत्यक्षात प्रेषकाकडे परत आली.

४) शैक्षणिक संस्थांनी मुदतीशी, हक्काशी अथवा नियुक्तीशी संबंधित संदेशांसाठी पोच मागण्याची व पोच देण्याची लेखी पद्धत ठेवावी. पोच न आल्यास दूरध्वनी अथवा टपालाने विचारणा करावी. संस्थेच्या नावाची एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क नोंदणी पूर्ण करावी आणि परतसूचना ज्या पेटीत येतात ती नियमितपणे पाहण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे सोपवावे.

‘मेल केली होती’ आणि ‘मेल मिळाली नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ज्या विद्यार्थ्याचा अथवा उमेदवाराचा संदेश अशा रीतीने हरवतो, त्याच्यावर अविश्वास दाखविण्यापूर्वी संबंधितांनी हा इतिहास ध्यानात घेणे न्यायाचे ठरेल.